वेंगुर्ल्याकडची शाळेची घंटा आणि जीआयपीचा रूळ

मागच्या मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातून फोन आला, करणारा माझ्या मावसभावाचा मित्र. म्हणाला दादा तुम्ही ते बंद पडलेले रेल्वेमार्ग शोधत फिरता ना, मग आमच्याकडे एक रुळाचा तुकडा आहे तो बघून कुठला ते सांगाल का, आणि जरा लवकर या कारण सोमवारी भंगारवाला येतोय. मी रत्नागिरीत राहतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन, शनिवारी सकाळी गाडीत बसलो, सावंतवाडीला उतरलो आणि पुढे एसटी.

परिस्थिती अशी होती. गावातली जुनी मराठी शाळा, एके काळी सव्वाशे पोरं असायची, आता पट तीनवर आलेला, म्हणून ती शेजारच्या गावातल्या शाळेत सामावली. इमारत अंगणवाडीला द्यायचं ठरलं, छपराचे नळे बदलायचे होते, खर्चाला पैसे हवे होते, तर जुनं लोखंड विकून थोडे उभे करू असं कुणीतरी सुचवलं. गंजलेले बाक, दोन पत्र्याची कपाटं, हापशाचा दांडा, आणि पडवीच्या वाशाला तारेने टांगलेली घंटा. घंटा म्हणजे साधारण दोन फूट लांब रुळाचा तुकडा. कोकणात अशा घंटा कितीतरी शाळांत आहेत, जिथे १९९० च्या दशकापर्यंत आगगाडी नव्हती तिथे पोरांनी रूळ पहिल्यांदा बघितला तो शाळा भरताना वाजणारा. मी स्वतः तसलीच घंटा ऐकत शिकलो, म्हणून फोनवर नुसतं 'रुळाचा तुकडा' ऐकल्यावर मला घरी थांबवेना.

गावात त्या तुकड्यावरून चार मतं. एक, विकून टाका, किलोवर भाव मिळतोय. दोन, देवळात ठेवा. तीन, आणि हे सगळ्यात जोरात, की हा पोर्तुगीजांचा रूळ आहे, गोवा मुक्त झाला तेव्हा कुणीतरी तिकडून आणलेला, म्हणजे तो स्वातंत्र्याची खूण आहे, विकायचा कसा. शाळेचे जुने शिपाई, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी मला पोचल्या पोचल्या सांगितलं, "तो गोयांतसून हाडलेलो रूळ आसा, माझ्या बापाशीन सांगलेला माका." चौथं मत भीतीचं. कुणाच्या तरी मोबाईलवर मेसेज आला होता की रेल्वेचं लोखंड घरात सापडलं तर पाच वर्षं आत, म्हणून एक सदस्य म्हणत होते रात्रीतून खाडीत टाकून मोकळे होऊया. मला सगळ्यात जास्त काळजी या चौथ्या मताची वाटली, कारण भंगारातनं वस्तू एखाद वेळ परत मिळते, खाडीतनं नाही मिळत.

थोडं माझ्याविषयी सांगतो म्हणजे मी काय बघत होतो ते कळेल. आम्ही चार-पाच जण दर थंडीत जुन्या, सोडून दिलेल्या रेल्वेमार्गांवर पायी फिरतो. सुरुवात झाली बोरघाटापासून. तिथली मूळ लाईन २१ एप्रिल १८६३ ला सुरू झाली, २५ बोगदे, ३७ ला १ असा चढ. खंडाळ्याखाली डोंगराने वळायला जागाच दिली नाही म्हणून इंजिनियरांनी रिव्हर्सिंग स्टेशन केलं, गाडी एका बंद टोकात जायची, इंजिन पुढचं सोडून मागच्या बाजूला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. हे काम पुरं करणारी ठेकेदार एक बाई होती, ॲलिस ट्रेडवेल, तिचा नवरा सॉलोमन ठेका घेऊन आला आणि १८५९ मध्ये गेला, मग तिने ते काम पुढे नेलं. १९२९ ला नवा मार्ग झाल्यावर रिव्हर्सिंग बंद पडलं. तसंच मुंबईत अंधेरी ते ट्रॉम्बे लाईन, १९२८ ला सुरू आणि १९३४ ला बंद, आता तिच्यावरून शहर पसरलंय. असे मार्ग शोधताना चालू लाईनवर पाय ठेवायचा नाही हा पहिला नियम, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवानगी रुळावर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी घाटातल्या वळणावर येणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते.

दुसरा नियम आम्ही चूक करून शिकलो. आमच्यातल्या एकाने सुरुवातीच्या वर्षांत एक डॉगस्पाइक खिशात घालून घरी नेला, म्हणजे लाकडी स्लीपरमध्ये रूळ धरून ठेवणारा तो चौकोनी खिळा. नोंद नाही, फोटो नाही. तीन वर्षांनी त्याला विचारलं हा कुठला, तर दोन-तीन ठिकाणांत गोंधळ, आणि त्या खिळ्याचं नुसतं लोखंड झालं. तो जिथे होता तिथे तो सांगत होता की इथे लाकडी स्लीपर होते, लाईन इथून जात होती. त्या दिवसापासून आम्ही काही उचलत नाही, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढतो, जागा लिहितो, पुढे जातो. त्यामुळे शाळेत मी पहिली गोष्ट ही सांगितली की घंटा खाली उतरवायची नाही, आधी टांगलेली असताना बघू.

टांगलेली असतानाच तीन गोष्टी दिसल्या. एका टोकाला दोन भोकं होती, तार त्यातल्याच एकातून घातलेली. ही भोकं घंटेसाठी पाडलेली नाहीत, फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीच्या बोल्टची आहेत, म्हणजे हा तुकडा रुळाच्या मधला नाही, अगदी शेवटचा आहे. दोन रुळांच्या सांध्यावर चाकं आदळून आदळून टोकं चेपतात, खाली वाकतात, मग रुळांची देखभाल करणारी गँग ती टोकं कापून टाकते, नवीन भोकं पाडून रूळ परत वापरते आणि कापलेले तुकडे भंगारात जातात. म्हणजे हा तुकडा चोरायला कुणी चालू रूळ कापला असेल अशी शक्यता तिथेच खूप कमी झाली. दुसरं, रुळाच्या डोक्याची एकच बाजू घासलेली, दुसरी बरीच शाबूत. सरळ मार्गावर असं सहसा होत नाही, वळणावर बाहेरच्या रुळाची आतली कड चाकाच्या फ्लँजने, म्हणजे चाकाच्या बाहेर आलेल्या कडेने घासते, तेव्हा हा रूळ वळणावर होता. तिसरं, दुसऱ्या टोकाचा काप. तो करवतीने दोन्ही बाजूंनी घेतलेला आणि दोन काप मध्यभागी नीट जुळलेले नव्हते, नखाएवढी पायरी राहिली होती. ही पायरी मी वहीत काढून ठेवली, जाड पुठ्ठ्यावर तिचा आकारही कापून घेतला, तेव्हा फक्त सवयीने.

मग मापं. इथे बरेच लोक फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. रूळ ओळखताना सगळे उंची मोजतात, पण वापरलेल्या रुळाचं डोकं झिजलेलं असतं, त्यामुळे उंची खोटं सांगते, तळाची रुंदी मोजावी. ९० पौंडी रूळ, म्हणजे एका यार्डाला ९० पौंड वजनाचा, त्याची मूळ उंची सुमारे १४३ मिलिमीटर आणि तळ १३६.५. ७५ पौंडीचा तळ १२२ च्या आसपास, ६० पौंडीचा ११० सुद्धा नाही. आमच्या घंटेची उंची भरली १३६ आणि तळ १३४, कडा गंजाने थोड्या खाल्लेल्या. हल्लीच्या ५२ किलोच्या रुळाचाही तळ १३६ असतो, पण त्याची उंची १५६, तो वीस मिलिमीटर झिजेपर्यंत कुणी लाईनीत ठेवणार नाही. म्हणजे हा ९० पौंडी. खात्रीसाठी दुपारी दोघांनी तो उतरवून शेजारच्या काजू फॅक्टरीच्या काट्यावर नेला, साडेचोवीस किलो. ९० पौंडी म्हणजे मीटरला ४४.६ किलो, ६१ सेंटिमीटरला नवा असता तर २७ भरला असता, झीज आणि गंज धरला तर बरोबर बसतं.

आता गोव्याचा प्रश्न. मुरगाव ते कॅसलरॉक ही लाईन १८८० च्या दशकात झाली, बहुतेक पोर्तुगीज हद्दीतली, मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत तशीच होती. मीटरगेजला हलके रूळ असायचे, त्यामुळे ९० पौंडी म्हटल्यावर गावातल्या मुंबईकर तरुणांनी लगेच ठरवून टाकलं की गोव्याची गोष्ट खोटी. मी त्यांना थांबवलं, कारण नंतरच्या काळात मीटरगेजवरही ७५ आणि ९० पौंडी रूळ टाकले गेलेत, नुसत्या वजनावर निकाल देता येत नाही. आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला तुझ्या वडिलांनी सांगितलेलं खोटं असं सांगायचं तर हातात अक्षरं पाहिजेत.

अक्षरं रुळाच्या पोटावर असतात, म्हणजे डोकं आणि तळ यांच्या मधल्या उभ्या भागावर, कारखान्यात रूळ लाटतानाच उठावात येतात. कारखान्याचं नाव, वर्ष, कधी महिना, वजनाचा प्रकार, आणि ज्या रेल्वे कंपनीसाठी बनवला तिची आद्याक्षरं. पण ती काही फुटांच्या अंतराने परत परत येतात, दोन फुटी तुकड्यात ती येतीलच असं नाही. शिवाय आमच्या तुकड्यावर डांबराचे थर. शिपाईकाका दरवर्षी पावसाळ्याच्या आधी घंटेला डांबर लावायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील, तेही शाळेचे शिपाईच. एकाने ग्राइंडर आणतो म्हटलं, त्याला हात जोडले, ग्राइंडरने डांबराबरोबर अक्षरंही जातात. आम्ही रॉकेल आणि जुन्या सुती लुंगीचे बोळे घेऊन बसलो, पोरं, अंगणवाडीच्या बाई, आणि शेवटी शिपाईकाका स्वतः. संध्याकाळपर्यंत पोट मोकळं झालं. उजेडात काहीच दिसेना. हे नेहमीचं आहे, समोरून उजेड पडला की उठाव दिसत नाही, म्हणून अंधार होऊ दिला, मोबाईलची बॅटरी रुळाला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि तांदळाचं पीठ हलक्या हाताने चोळलं. तेव्हा एकेक अक्षर वर आलं. टी, ए. मग १९२६. मग ९० आणि आर. मग जी, मग आय, आणि तिथे करवतीचा काप.

मला ते वाचताना अंगावर काटा आला, खरंच. टी-ए म्हणजे टाटा या नावाची शेवटची दोन अक्षरं, साकचीला टाटांचं पोलाद १९१२ पासून निघू लागलं, पहिल्या महायुद्धात तिथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले आणि १९१९ मध्ये त्या गावाचं नाव जमशेदपूर झालं. आणि जी-आय च्या पुढे कापलेला पी, ग्रेट इंडियन पेनिन्शुला, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी चालवणारी तीच कंपनी. गोव्याच्या लाईनशी तिचा संबंध नाही. शिपाईकाका बराच वेळ बोटाने अक्षरं चाचपत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मुंबयचो." एवढंच. डांबरामुळे अक्षरं राहिली होती, खाऱ्या हवेत एरवी ती कधीच गेली असती, आणि ते डांबर त्यांच्या घरातल्या दोन पिढ्यांनी लावलेलं, हे मी त्यांना तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं.

पण मुंबईचा रूळ वेंगुर्ल्याला आला कसा, आणि हक्काने आला की नाही, हे राहिलंच होतं. रविवारी शाळेचं कपाट उघडलं. डेडस्टॉक रजिस्टर ही फार दुर्लक्षित वस्तू आहे, शाळेतला प्रत्येक फळा, खुर्ची, घड्याळ त्यात असतं, आणि जुन्या शाळांत ते जिल्हा परिषद व्हायच्या आधीपासूनचं, म्हणजे १९६२ च्या आधी लोकल बोर्डाच्या काळातलंही मिळतं. आमच्या नशिबाने मिळालं. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण १९५३ च्या पानावर गुरुजींच्या सुंदर अक्षरात नोंद होती, लोखंडी घंटा (रूळ), नग १, देणगी, मुंबई मंडळाकडून. गोवा मुक्त झाला १९६१ ला, घंटा त्याच्या आठ वर्षं आधीच इथे वाजत होती.

कोकणातल्या माणसाला मुंबई मंडळ काय ते सांगायला नको. गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला गेलेले चाकरमानी, एका खोलीत वीस जण राहून महिन्याची वर्गणी काढणारे, त्यांनी गावच्या शाळा, धर्मशाळा, साकव उभे केले. त्या मंडळाची आताची मंडळी विरार-नालासोपाऱ्याकडे पांगलेली, फोनाफोनी करून जुनी इतिवृत्ताची वही कुणाकडे आहे ते शोधायला दोन आठवडे गेले. भंगारवाल्याला तोवर थोपवलं, बाक आणि कपाटं देऊन. वहीत १९५३ च्या पानावर ठराव सापडला, गावच्या शाळेसाठी घंटा पाठवणे, मध्य रेल्वेच्या लिलावातील भंगारमालातून रुळाचे दोन तुकडे घेतले, परळ वर्कशॉपात कामाला असलेल्या एका सभासदाने व्यवस्था केली, आगबोटीचं भाडं मंडळाने दिलं, माल वेंगुर्ला बंदरी उतरवणे. पावतीचा क्रमांकही लिहिलेला. त्या काळी आगबोट धक्क्याला लागत नसे, बाहेर समुद्रात उभी राहायची, माणसं आणि सामान होडीत उतरायचं, म्हणजे हे दोन तुकडे कुणीतरी हलत्या बोटीवरून होडीत उतरवून घेतले आणि तिथून बैलगाडीने किंवा डोक्यावरून गावात आणले.

इथे एकाने शंका काढली की रुळावर जीआयपी आणि वहीत मध्य रेल्वे, मेळ बसत नाही. बसतो. जीआयपी १९२५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली तरी नाव तेच चालू राहिलं, म्हणून १९२६ च्या रुळावर ते आहे, आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला आणखी काही रेल्वेंबरोबर मिळून मध्य रेल्वे झाली, म्हणून १९५३ च्या वहीत ते नाव. दुसऱ्या एकाने, वळणावरचा रूळ, घासलेला, जीआयपीचा, तेव्हा हा बोरघाटातलाच असं म्हटलं. माझ्याही मनात ते आलं होतं, सगळ्यात आधी माझ्याच. पण जीआयपीला वळणं शेकड्यांनी होती आणि रुळावर ठिकाण लिहिलेलं नसतं, म्हणून गावाच्या नोंदीत मी फक्त 'वळणावरचा' एवढंच लिहू दिलं.

कायद्याचंही तेव्हाच मिटवलं. तो मेसेज अर्धाच खरा होता. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ चा, त्यात पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे खरं, पण तो चोरीच्या किंवा गैरमार्गाने मिळवल्याचा रास्त संशय असलेल्या मालासाठी आहे, आणि आपल्याकडे तो कायदेशीर मार्गाने आला हे ताबा असणाऱ्याने दाखवायचं असतं. रेल्वे भंगार लिलावात विकतेच, तेव्हाही विकायची, आता ऑनलाईन विकते. म्हणून कागद महत्त्वाचा. रजिस्टरचं पान, इतिवृत्ताचं पान, अक्षरांचे आणि भोकांचे फोटो, असं सगळं एका फाईलीत लावून एक प्रत पंचायतीत, एक मंडळाकडे, एक अंगणवाडीच्या कपाटात ठेवली. ज्यांना खाडीत टाकायची घाई होती त्यांनीच झेरॉक्सचे पैसे दिले.

घंटा कुठे ठेवायची यावर ग्रामसभेत दीड तास गेला. देऊळ, पंचायतीची कचेरी, मुंबईचं संग्रहालय, सगळं झालं. मी माझं मत स्पष्ट सांगितलं की ती सत्तर वर्षं ज्या वाशाला आहे तिथेच राहू दे, आणि वाजती राहू दे. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या आम्हाला चालेल, पोरांना आवडेल, फक्त तार बदला. गावातला एक मुलगा, याच शाळेत शिकलेला, आता कोकण रेल्वेत ट्रॅकमन आहे, तो सुट्टीत आला आणि तार काढून साखळी घातली, जुन्याच भोकातून, नवीन भोक पाडू दिलं नाही. डांबरही त्यानेच लावलं, पण अक्षरांवर आधी मेण चोळून, म्हणजे पुढच्या वेळी सहज निघेल.

यात एक धागा लोंबकळत होता. वहीत तुकडे दोन होते. शिपाईकाकांना विचारलं तर त्यांना आठवलं की खालच्या वाडीत पूर्वी एक वर्ग भरायचा, देवळाच्या धर्मशाळेत, तो बंद होऊनही साठ वर्षं झाली असतील. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर आम्ही तिघे पाणंदीने खाली उतरलो, रस्ता आता कुणी वापरत नाही, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत जावं लागलं. धर्मशाळा पडलेली. घंटा नाही. शेजारच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "लोखंडाचो कुंदो? तो आमच्या होडयेक आसा." खाडीच्या कडेला ओहोटीला त्यांच्या मुलाची होडी चिखलात बसलेली, आणि दोर बांधलेला नांगर म्हणून रुळाचा तुकडा, भोकं नसलेला, खाऱ्या पाण्याने पोट असं खाल्लेलं की कागदासारखे पापुद्रे निघत होते. अक्षर एकही शिल्लक नाही, पीठ आणि बॅटरीचा काही उपयोग झाला नाही. डोकं जाड असतं म्हणून तेवढं उरलेलं, एकाच बाजूने घासलेलं. मी वहीतून तो पुठ्ठा काढला आणि कापलेल्या टोकाला लावला. तळाकडे गंजाने काही राहिलं नव्हतं, पण वर, डोक्याच्या मध्यावर, नखाएवढी पायरी होती, उलट्या बाजूची, आणि पुठ्ठा तिच्यात बसला.

आजींच्या मुलाने विचारलं नेताय काय. मी नाही म्हटलं, फोटो काढला, जागा लिहिली. त्याने सांगितलं की पुढच्या भरतीला होडी बाहेर काढायची आहे, आणि दोर परत त्या तुकड्याला बांधला.